चिठ्ठीविना प्रतिजैविके

डॉक्टरांना न दाखवता स्वतःच्या अंदाजाने औषध घेणे म्हणजे स्वऔषधोपचार. डोके दुखले की पॅरासिटामॉल, जळजळ झाली की अँटासिड, जुलाब लागले की मीठ-साखरेचे पाणी, इतपत स्वऔषधोपचार घरोघरी चालतो आणि त्यात फारसे वावगे नाही; प्रत्येक शिंकेला दवाखाना गाठायचा म्हटले तर दवाखाने पुरणार नाहीत. प्रश्न येतो तो प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक औषधे, याच सहजतेने घेतली जातात तेव्हा. ही सवय पुष्कळदा कॉलेजच्या वर्षांत पक्की होते. अठरा-एकोणीस वर्षांची मुले पहिल्यांदा घराबाहेर पडतात, आजारपणाचे निर्णय पहिल्यांदा स्वतः घेतात, आणि ते कसे घ्यायचे हे खोलीतल्या सोबत्यांकडून शिकतात.

पुण्याच्या सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी असंख्य मुले-मुली कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार-पाच खाटा, जेवण मेसचे, दिवस अभ्यासिकेत. यांपैकी एखाद्याचा घसा धरला, अंगात कणकण आली, की तो येता-जाता कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये डोकावतो. ‘घसा दुखतोय, तापासारखं वाटतंय, काहीतरी द्या’ एवढे सांगितले की काउंटरवर अझिथ्रोमायसिन ५०० च्या तीन गोळ्या येतात, सोबत ताप-सर्दीची एक मिश्र गोळी आणि ‘ही उपाशीपोटी घ्या’ म्हणून पित्ताची एक. पट्टी कात्रीने कापून हव्या तेवढ्याच गोळ्या दिल्या जातात, त्यामुळे मुदत छापलेला तुकडा पुष्कळदा दुकानातच उरतो. बिल कुणी मागत नाही. पोट बिघडले असेल तर अझिथ्रोमायसिनच्या जागी ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली गोळी येते. दोन मिनिटांत काम होते, डॉक्टरांची फी वाचते आणि अभ्यासिकेतली जागाही जात नाही.

फी आणि वेळ ही दोन कारणे खरीच आहेत, पण तेवढ्याने हा प्रकार समजत नाही. खिशात पैसे असलेला, कॅम्पसवर मोफत आरोग्य केंद्र असलेला विद्यार्थीही हेच करतो. त्याच्या मोबाइलमध्ये मागच्या वर्षीच्या चिठ्ठीचा फोटो असतो, खोलीत कुणाच्या तरी कपाटात उरलेल्या दोन गोळ्या असतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात बी. फार्मचा किंवा एमबीबीएसचा एखादा मित्र असतो. औषधांची माहिती वाढली की ही सवय सुटेल, असे वाटणे साहजिक आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी मात्र ते खोटे ठरवले. दक्षिण भारताच्या किनारपट्टीवरील ४४० वैद्यकीय विद्यार्थ्यांची एक पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यात ७८.६ टक्के विद्यार्थी स्वतःच्या मनाने औषधे घेत असल्याचे आढळले. औषधशास्त्राचा अभ्यास झाला, की डॉक्टरकडे जायची गरजच काय, असा आत्मविश्वास येतो. इतरांचा धीर ऐकीव माहितीवर चालतो, यांचा पाठ्यपुस्तकावर, एवढाच फरक. अशा पाहण्यांचे आकडे गावोगावी फार वेगळे येतात, कारण कुणी गेल्या महिन्याचे विचारतो तर कुणी गेल्या वर्षाचे. पण विद्यार्थ्यांत हा प्रकार तुरळक आहे, असा निष्कर्ष सहसा कुणाचाच निघत नाही.

गुण कशाने येतो

‘मागच्या वेळी याच गोळीने बरं वाटलं होतं’ हे या व्यवहारातले सर्वांत वजनदार प्रमाण. ते खोटे नसते. घसा खरोखरच बरा झालेला असतो. फक्त श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होते.

घसादुखी, सर्दी, खोकला यांतले बहुतेक आजार विषाणूंमुळे होतात. प्रतिजैविके जिवाणूंवर काम करतात. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे जिवाणूची पेशीभित्तिका बांधू देत नाहीत; अझिथ्रोमायसिन त्याच्या रायबोझोमला चिकटून प्रथिनांची निर्मिती थांबवते. विषाणूला पेशीभित्तिका नसते आणि स्वतःचे रायबोझोमही नसते, त्यामुळे या औषधांना तिथे पकडायला काही सापडतच नाही. घसादुखीवर प्रतिजैविके किती उपयोगी पडतात याविषयीच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कोक्रेन या संस्थेने घेतला आहे. प्रतिजैविक न घेतलेल्यांपैकीही सुमारे ८२ टक्के रुग्णांची लक्षणे आठवड्याभरात गेलेली होती, आणि औषधाने दुखण्याचा काळ सरासरी १६ तासांनी घटला. ही सरासरी जिवाणूंमुळे घसा आलेल्यांनाही धरून आहे.

आता वेळेचा हिशेब पाहावा. पहिला दिवस दुर्लक्षात जातो, दुसऱ्या दिवशी मिठाच्या गुळण्या होतात, आणि दुखणे ऐन भरात असते तेव्हा, तिसऱ्या दिवशी, गोळी सुरू होते. त्या दिवसानंतर आजार उतरणारच होता. तीन दिवसांच्या गोळ्या संपतात तेव्हा घसा बरा झालेला असतो आणि गोळीच्या नावावर आणखी एक विजय लागतो. मेसच्या जेवणाने लागलेले जुलाबही बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप थांबतात. तिथे ऑफ्लॉक्सॅसिनची गोळी हे श्रेय घेऊन जाते. आजार जितका आपोआप बरा होणारा, तितकी त्यावरच्या औषधाची कीर्ती मोठी. स्वऔषधोपचाराचा सगळा पाया असा आहे, आणि तो उपदेशाने हलत नाही याचेही कारण हेच: विद्यार्थ्याचा स्वतःचा अनुभव त्याला दर वेळी बरोबर ठरवत असतो.

कोविडच्या साथीने या समजाला मोठा हातभार लावला. २०२० आणि २०२१ मध्ये अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन आणि आयव्हरमेक्टिन ही नावे घरोघरी पोहोचली. गोव्यात तर मे २०२१ मध्ये सर्व प्रौढांना प्रतिबंधक म्हणून आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा सरकारनेच केली होती. कोविड हा विषाणूचा आजार. ब्रिटनमधील रिकव्हरी या मोठ्या चाचणीत अझिथ्रोमायसिनचा रुग्णांना उपयोग होत नसल्याचे २०२१ च्या सुरुवातीलाच स्पष्ट झाले. पण तोवर अनेक घरांतल्या डब्यात ती गोळी जाऊन बसली होती, आणि त्या वेळी शाळेत असलेली मुले आता वसतिगृहांत राहतात.

दुकानातला कायदा

१९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनी औषधांच्या विक्रीची चौकट आखली आहे. नियमांच्या ‘एच’ या परिशिष्टात पाचशेहून अधिक औषधे आहेत आणि ती नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची आहेत. अझिथ्रोमायसिन आणि ऑफ्लॉक्सॅसिन याच यादीतली. याहून कडक ‘एच-१’ परिशिष्ट १ मार्च २०१४ पासून लागू झाले. त्यात सुरुवातीला ४६ औषधे होती: सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, लेव्होफ्लॉक्सॅसिन, मेरोपेनेम यांसारखी प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि झोपेच्या काही गोळ्या. ही विकताना डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ‘लाल रेघे’ची मोहीम काढली, पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये, असा तिचा अर्थ. रेघ छापून येते, दिसतेही, पण मोबाइलवर मित्राने पाठवलेले नाव दाखवून गोळी मागणारा ती शोधत नाही.

कायद्याने गुन्हा विकणाऱ्याचा आहे, घेणाऱ्याचा नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. प्रत्यक्षात कित्येक दुकानांत परवाना भिंतीवर आणि फार्मासिस्ट दुसरीकडे, अशी स्थिती असते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२-१३ च्या सुमारास, महेश झगडे आयुक्त असताना, याविरुद्ध मोहीम उघडली तेव्हा औषधविक्रेत्यांच्या संघटनेने दुकाने बंद ठेवण्याचे आंदोलन केले होते. विक्रेत्याची बाजूही ऐकण्यासारखी आहे: आपण गोळी नाकारली तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते, आणि तिथे त्याला ती मिळते.

विक्रेत्यांच्या वागण्याचा एक चांगला अभ्यास दिल्ली, मुंबई आणि पाटणा इथल्या ६२२ दुकानांत झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित माणसे रुग्ण बनून दुकानांत गेली. काहींनी दोन-तीन आठवड्यांचा खोकला आणि ताप सांगितला. काहींनी हेच सांगून सोबत क्षयरोग असल्याचा थुंकीचा अहवाल दाखवला. नुसती लक्षणे सांगणाऱ्यांपैकी ३७ टक्के जणांना प्रतिजैविक मिळाले. अहवाल दाखवणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्क्यांवर उतरले आणि बहुतेकांना डॉक्टरकडे पाठवले गेले. क्षयरोगाचे मुख्य औषध एकाही दुकानाने दिले नाही. म्हणजे आजाराचे नाव समोर आले की दुकानदार जबाबदारीने वागू शकतो. नुसत्या लक्षणांवर त्याच्या हातून चूक होते, आणि विद्यार्थी बहुधा लक्षणेच सांगतो.

अर्थात चिठ्ठी असली म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. मुंबईत धारावीतल्या १०६ खासगी डॉक्टरांना क्षयरोगावरची चिठ्ठी लिहायला सांगितले असता फक्त ६ जणांची औषधयोजना बरोबर निघाली, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. साध्या सर्दीला अझिथ्रोमायसिन लिहिणारे डॉक्टर गावोगावी आहेत. २०१९ साली भारताच्या खासगी बाजारात सर्वांत जास्त खपलेले प्रतिजैविक होते अझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी, आणि तिच्या मागोमाग सेफिक्झिमची २०० ची. एवढा खप केवळ विद्यार्थ्यांच्या मनमानीने होत नाही. विद्यार्थी जी चिठ्ठी पुन्हापुन्हा वापरतो, ती पहिल्यांदा कुणी तरी लिहिलेली असते.

पोटातले जिवाणू

गोळी घशासाठी घेतली तरी ती रक्तातून सगळ्या शरीरात पोहोचते, आणि तिचा सर्वांत मोठा परिणाम आतड्यांत होतो. तिथे असंख्य जिवाणू राहतात. त्यांतले जे त्या औषधाला बळी पडतात ते मरतात. ज्यांच्यात आधीपासून प्रतिकाराची क्षमता असते ते उरतात आणि मोकळी झालेली जागा व्यापतात. ही क्षमता देणारी जनुके पुष्कळदा प्लास्मिड या डीएनएच्या छोट्या कड्यांवर असतात, आणि एक जिवाणू त्या कड्या दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो. अझिथ्रोमायसिन शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे ६८ तास लागतात. म्हणून तीन दिवसांचा कोर्स पुरतो, ही सोय. पण त्याच कारणाने गोळ्या संपल्यावरही कित्येक दिवस शरीरात औषधाची मात्रा अपुरी, जिवाणूंना न मारता निवडत राहणारी असते. वसतिगृहात एका मजल्याला एक स्वच्छतागृह, एक पाण्याची टाकी आणि एक मेस असते. एकाच्या पोटात वाढलेले असे जिवाणू दुसऱ्याकडे जायला फार काही लागत नाही.

मुलींना याचा फटका लवकर कळतो. मूत्रमार्गाचा संसर्ग तरुण मुलींत नेहमीचा आहे आणि तो बहुतेक वेळा आतड्यांतल्याच ई. कोलाय जिवाणूंमुळे होतो. लघवीला जळजळ होते, सांगायला संकोच वाटतो, म्हणून मैत्रिणीने सुचवलेली सिप्रोफ्लॉक्सॅसिनची गोळी घेतली जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे जाळे देशभरातील मोठ्या रुग्णालयांतून जिवाणूंचे नमुने तपासते, त्यात ई. कोलायचे निम्म्याहून अधिक नमुने या औषधाला दाद देत नाहीत. रुग्णालयातले नमुने अधिक गंभीर रुग्णांचे असतात हे खरे, तरी बाहेरचे चित्रही फार आशादायक नाही. गोळी लागू पडत नाही, चार दिवस जातात, आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला तर थंडी वाजून ताप येतो आणि इंजेक्शने घ्यावी लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून प्रतिजैविकांचे तीन गट केले आहेत. पहिल्या पसंतीची औषधे एका गटात. जपून वापरायची, ज्यांच्यावर नजर ठेवायची, ती दुसऱ्यात. आणि शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायची तिसऱ्यात. अमॉक्सिसिलिन आणि डॉक्सिसायक्लिन पहिल्या गटात आहेत. अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, सेफिक्झिम ही वसतिगृहातली लाडकी नावे दुसऱ्या गटातली. टायफॉइडसारख्या आजारात त्यांची खरी गरज लागते. भारतात टायफॉइडच्या जिवाणूने सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटाला बहुतांश दाद देणे सोडले आहे, आणि पोटात घ्यायच्या औषधांत अझिथ्रोमायसिन हा उरलेल्या मोजक्या आधारांपैकी एक आहे. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच हे औषध दुकानात कुणालाही मिळू लागेल, लोक ते अपुऱ्या मात्रेत घेतील आणि जिवाणू त्याला सरावतील, असा इशारा दिला होता.

‘कोर्स पूर्ण करा’ हा सल्ला सगळ्यांना पाठ असतो, पण तोही जरा तपासून घ्यावा लागतो. क्षयरोगात तो अक्षरशः पाळायचा. तिथे मध्येच सोडणे म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाला वाट करून देणे. न्यूमोनियासारख्या काही संसर्गांत मात्र पूर्वी दहा दिवस दिले जाणारे औषध आता बहुतेकदा पाच दिवसांत थांबवले जाते आणि निकाल तसाच चांगला येतो. विषाणूच्या सर्दीत तर कोर्स तीन दिवसांचा की पाच, या चर्चेलाच अर्थ नाही. तिथे पहिलीच गोळी जास्तीची असते. स्वतःहून सुरू केलेले औषध किती दिवस घ्यायचे, याचे बरोबर उत्तर विद्यार्थ्याकडे असू शकत नाही, कारण आपल्याला काय झाले आहे हेच त्याला ठाऊक नसते. दोन गोळ्यांत बरे वाटले की तिसरी कपाटात जाते, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाच्या तरी घशासाठी बाहेर निघते.

या औषधांचे थेट दुष्परिणामही आहेत. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातल्या औषधांनी टाचेचा स्नायुबंध सुजू शकतो, क्वचित तुटतो. पोलीस भरतीसाठी रोज मैदानावर धावणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले बरे. अझिथ्रोमायसिन काही जणांत हृदयाचे ठोके अनियमित करते. मुरुमांसाठी घेतली जाणारी डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल रात्री घोटभर पाण्यासोबत गिळून लगेच आडवे झाले, तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. दुसऱ्या दिवशी पाणी गिळतानाही छातीत कळ येते. पेनिसिलिनची तीव्र अ‍ॅलर्जी क्वचित येते, पण आली तर मिनिटांत जिवावर बेतते.

प्रतिजैविकांच्या शेजारीच मलमांचा एक मोठा खप आहे. दमट खोलीत न वाळलेली जीन्स आणि सामाईक टॉवेल यांमुळे जांघेत गजकर्ण होते, आणि मेडिकलमधून स्टिरॉइड, बुरशीविरोधी औषध व प्रतिजैविक एकत्र असलेले मलम येते. स्टिरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आतून पसरत राहते. नेहमीच्या टर्बिनाफिन गोळीला दाद न देणारी ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी २०२० मध्ये स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. भारतातल्या हट्टी गजकर्णामागे तीच मोठ्या प्रमाणावर आहे आणि आता ती इतर देशांतही सापडते. स्टिरॉइडची अनेक मलमे २०१८ मध्ये ‘एच’ परिशिष्टात घातली गेली. रंग उजळावा म्हणून हीच मलमे चेहऱ्याला लावणाऱ्या मुली आणि मुले त्वचारोगतज्ज्ञांकडे येतात ती चेहरा लाल होऊन, उन्हात आग होत असताना.

झाकलेला आजार

सर्वांत घातक प्रकार म्हणजे खरा आजार गोळीमागे लपणे. लेव्होफ्लॉक्सॅसिन क्षयरोगाच्या जिवाणूवरही काम करते. खोकला म्हणून ते आठवडाभर घेतले तर क्षयरोग्यालाही थोडे बरे वाटते, थुंकीत जिवाणू सापडणे अवघड होते, आणि निदान काही आठवडे पुढे ढकलले जाते. तोवर खोलीतले चौघे तीच हवा घेत असतात. पावसाळ्यात डेंग्यूच्या तापाला अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन असलेली मिश्र गोळी घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्या दिवसांत तापाला फक्त पॅरासिटामॉल घ्यावे, तेही दिवसाला ४ ग्रॅमच्या आत, आणि सर्दीच्या मिश्र गोळीतही पॅरासिटामॉल असते हे धरून. तीन दिवसांत न उतरणारा ताप, श्वास लागणे, लघवी कमी होणे, शौचातून रक्त, मान ताठणे, अंगावर पुरळ, दोन आठवड्यांहून जुना खोकला, यांपैकी काहीही असेल तर मेडिकलचा काउंटर ही जागा नव्हे. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, आणि मुंबईतले ‘आपला दवाखाना’ संध्याकाळीही उघडे असतात, म्हणजे लेक्चर बुडवावे लागत नाही.

टायफॉइडचे खात्रीचे निदान रक्ताच्या कल्चरवर होते. रक्तातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवले जातात आणि कोणते औषध त्यांना मारते हेही त्याच वेळी कळते. त्याआधी प्रतिजैविकाच्या एक-दोन गोळ्या पोटात गेल्या असतील तर जिवाणू पुष्कळदा वाढत नाहीत, अहवाल कोरा येतो आणि डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावे लागते. म्हणून तापाच्या रुग्णाला ‘आधी काही घेतलं होतं का?’ असे विचारले जाते. बहुतेक विद्यार्थी ‘नाही, फक्त तापाची गोळी’ असे सांगतात. कापून आणलेल्या पट्टीवर नावाची दोनच अक्षरे उरलेली असतात, आणि त्यांना त्या गोळीचे नाव खरोखरच ठाऊक नसते. उरलेला तुकडा, तो नसेल तर दुकानातून मागून घेतलेल्या बिलाचा फोटो डॉक्टरांना दाखवला, तर कुठले औषध टाळून पाहायचे आणि कल्चर किती दिवसांनी पुन्हा करायचे, हे तरी ठरवता येते.